चौथी झोप

आमच्या घरात रेशमाच्या अळ्या वाढायला लागल्या की जो झोपेल तो कामचुकार. पहाटे तुतीच्या फांद्या कापा, भारे डोक्यावरून शेडमध्ये आणा, रॅकवर अंथरा; पाठ टेकावी तर दुपारचा पाला; डोळा लागावा तर रात्रीचा. आई म्हणायची, "तुझं बाळंतपण परवडलं गं, ह्या किड्यांचं नको." म्हणून त्या बॅचला आत्याने झोपणं सोडलं तेव्हा आम्हाला काळजीबिळजी काही वाटली नाही. उलट आम्ही खूश! आयतीच कुणी रात्रपाळी करतंय म्हटल्यावर कोण कशाला बोलेल? बाबा तर येईल-जाईल त्याला सांगायचे, "माणूस असावा तर माझ्या बहिणीसारखा. चार दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही, आणि तोंडावर बघा, थकवा औषधाला सापडायचा नाही."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आठ वर्षांपूर्वी सासर सोडून आली ती हातात एक पिशवी आणि डोक्यात रेशीम घेऊन. आजोबांनी जाताना जमीन दोघांच्या नावावर निम्मी निम्मी केली होती. तिच्या निम्म्यात तिने तुती लावली, शेड बांधली, आणि दोन वर्षांत बाबांचं निम्मंही तुतीखाली ओढलं. बाबा नुसते वयाने मोठे; शब्द चालायचा तो तिचा. मला ती 'भिंगरी' म्हणायची, कारण मी एका जागी बसत नाही. आणि शाळेत वक्तृत्वात पहिली आल्यापासून तर माझं तोंडही एका जागी बसत नव्हतं.

पाचव्या दिवशी ती भारा डोक्यावर घेऊन गात आली. सहाव्या दिवशी बोलायला लागली ती थांबेचना. मी शाळेतून आले की दप्तर फेकून तिच्यामागे शेतात पळायची. ती सपासप फांद्या कापत सांगायची, "ऐक भिंगरे. ह्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुती. थेट टेकडीपर्यंत. प्रत्येक घराला एक शेड. तू हिशेबाला नको, तू भाषणाला. तू उभी राहून सांगायचं आणि लोकांनी नांगर टाकून तुती लावायला धावायचं!"

"मी मंचावर?"

"मंच कशाला? टेकडीवर!"

मला तर ते एवढं आवडलं की मी बांधावर चढून तिथेच सुरू केलं, "बंधू आणि भगिनींनो!" आत्या हसता हसता खाली बसली. इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांतलं पाणी थांबेना. मी आपली पुढे बोलतच राहिले. तिचे ओठ फुटले होते, कोपराची हाडं वर आली होती, चार दिवस ती धड जेवली नव्हती. हे मला दिसत होतं. पण मला वाटलं, मोठी कामं करणारी माणसं अशीच दिसत असतील.

अळ्या आयुष्यात चार वेळा झोपतात. मान वर करून, हलत नाहीत, डुलत नाहीत, जणू कुणी 'स्टॅच्यू' म्हटलंय. तेव्हा त्यांना पाला द्यायचा नाही, धक्का लावायचा नाही. वरून चुन्याची भुकटी मारायची आणि गुपचूप बाहेर यायचं. त्या कात टाकून उठल्या की मग काय खातील ते खातील. हे आम्हाला सगळं आत्यानेच शिकवलेलं. चौथी झोप सगळ्यांत जोखमीची, त्या दिवशी शेडजवळ शिंकायचं असलं तरी शेतात जाऊन शिंका, असा तिचा दम असायचा.

त्या चौथ्या झोपेच्या दिवशी मी शाळेतून आले तर शेडमधून थाळी वाजवल्यासारखा आवाज. आत गेले. रॅकवर ओल्या पाल्याचे ढीग, आणि आत्या एकेका खणावर पळी आपटत चाललीय.

"उठा! उठा म्हणते ना! झोपायला आणलंय का तुम्हाला?"

आई दारात उभी. पदराला हात पुसतेय, पुसतेय, कोरडे झाले तरी पुसतेय. "वन्सं, झोपल्यात त्या. तुम्हीच शिकवलंत ना, झोपेत पाला दिला की सडतो म्हणून."

"वहिनी, झोप ही सवय आहे. मोडता येते. मी मोडली की नाही?"

"माणसाचं वेगळं असतं हो."

"माणसाला जमतं ते किड्याला जमणार नाही? मग किडा श्रेष्ठ म्हणायचा!"

मला हसू आलं, खोटं कशाला बोला. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि हसू तिथल्या तिथे विरलं. ती बघत माझ्याकडे होती, पण नजर माझ्यापाशी थांबत नव्हती.

तिसऱ्या दिवशी शेडला वास सुटला. खालचा पाला कुजून काळा, अळ्या मऊ पडलेल्या, बोट लावलं की पाणी. सगळी बॅच गेली. बाबा रॅकसमोर उकिडवे बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. आत्याला त्याचं काहीच नव्हतं. ती चुन्याचं पोतं खांद्यावर टाकून बाहेर पडली आणि नव्या शेडची आखणी करायला लागली. अंगणातून एक पांढरी रेघ, गोठ्यातून एक, आमच्या चुलीला वळसा घालून एक, आणि मग बांध ओलांडून वरच्या शेतातल्या दाढीवाल्याच्या उभ्या पिकातून सरळ, मुठीमुठीने चुना टाकत, रोपं तुडवत.

दाढीवाला तिथून ओरडतच आला. "अहो, ही बाई आहे का रणगाडा? आवरा तिला, नाहीतर मी आवरतो!"

"तुमच्या शेतात तिसरी शेड येते," आत्या त्याला म्हणाली, गोडीने, पाहुण्याला पाणी विचारावं तशी. "तुम्हाला नोकरीवर ठेवू."

बाबांनी त्याच्यापुढे हात जोडले. मी बाबांना असे हात जोडताना कधी बघितलं नव्हतं. पंजे थरथरत होते आणि बोटं एकमेकांवर नीट बसतच नव्हती.

त्याच संध्याकाळी ती कोयत्याची गोष्ट झाली. नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आई मेलेल्या अळ्यांची टोपली भरून मागच्या खड्ड्याकडे निघाली होती. मी दुसरी टोपली घेऊन तिच्यामागे दहा पावलांवर. आत्या तुतीत फांद्या कापत होती. कुणासाठी कापत होती ते तिलाच ठाऊक. तिने टोपली बघितली आणि धावत सुटली. कोयता हातातच होता. आमच्याकडे तुतीत असलेल्या माणसाच्या हातात कोयता असतोच, तो काय कुणी मुद्दाम धरत नाही. कोयत्याचा हात तिने खाली, मांडीला लावून धरला होता. दुसऱ्या हाताने टोपलीला झोंबली. "जिवंत आहेत त्या! झोपल्यात!" ओढाओढीत आई घसरून बसली. टोपली आत्याकडे राहिली. ती छातीशी धरून आत्या तिथेच चिखलात बसली आणि एकेक अळी उचलून तळहातावर ठेवायला लागली. झालं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं, अळ्यांच्या रोगाचं विचारायला जाऊ असं खोटं सांगून. मलाही घेतलं, कारण माझं ती ऐकते म्हणे. दारावरची पाटी वाचून आत्या बाबांकडे बघून नुसती हसली. आत गेल्यावर डॉक्टरांनी तिला विचारायच्या आधी तिनेच त्यांना विचारलं, "तुम्ही किती तास झोपता?"

"सात."

"अरेरे. शिकलेली माणसं तुम्ही, काय ही नासाडी!"

डॉक्टर अर्धा तास बोलले. मग म्हणाले, "तुम्ही आजारी आहात. इथे काही दिवस राहावं लागेल."

"दादा आजारी आहे," आत्या म्हणाली. "त्याचे हात थरथरतात. त्याला ठेवा." आणि उठली, निघाली, आणि शहरातून घरापर्यंत चार तास चालत आली. आम्ही बसने तिच्याआधी पोहोचलो.

ती गेल्यावर डॉक्टरांनी बाबांना समजावलं होतं. स्वतःहून तयार नसेल तर घरच्या माणसाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा. सोबत दोन डॉक्टरांचे दाखले. मॅजिस्ट्रेटना पटलं तर हुकूम निघतो, पोलीस आणून सोडतात, दहा दिवस तपासणीखाली ठेवतात, मग सुनावणी होते. "लवकर करा," ते म्हणाले. "अशी माणसं पळता पळता हृदय बंद पडून जातात."

हे ऐकल्यावर बाबांनी वाट बघितली नाही. एका डॉक्टरांनी दाखला दिला, दुसरे आमच्या घरी येऊन तिला बघून गेले आणि त्यांनीही दिला. राहिला अर्ज. कचेरीबाहेर पत्र्याखाली एक आजोबा टाइपरायटर घेऊन बसायचे, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. बाबा सांगत गेले, ते ऐकत गेले. मग बोटं उचलून म्हणाले, "झोपत नाही, किडे मारले, चुना टाकला. हे वाचून साहेब म्हणतील, शेतीखात्याकडे जा. धोका कुठाय? धोका लिहावा लागतो."

"धोका तसा," बाबा म्हणाले, "तिचा तिलाच आहे."

"तो कुणाला दिसतो?"

बाबा खाली बघून नख खरवडायला लागले. मला ते बघवेना. मला बोलता येत होतं ना! वक्तृत्वाची ढाल मिळाली होती ना मला! मी म्हटलं, "आजोबा, लिहा. 'दिनांक अमुक रोजी सायंकाळी सदर महिला धारदार कोयता उगारून माझ्या पत्नीच्या अंगावर धावून आली. माझी पत्नी जमिनीवर कोसळली. केवळ दैव बलवत्तर म्हणून तिचे प्राण वाचले.'"

खडखड खडखड करत आजोबांनी सगळं उतरवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पोरगी नाव काढणार तुमचं."

मला बक्षीस घेताना आला होता तसा कानांपर्यंत गरम शहारा आला.

बाबांनी कागद वाचला. ओठ हलवत वाचला, परत वाचला. "उगारून?" ते हळूच म्हणाले.

"बाबा, त्याशिवाय ती दाखल होणार नाही. आणि दाखल नाही झाली तर डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?"

बाबांनी सही केली.

हुकूम तिसऱ्या दिवशी निघाला. गाडी सकाळी आली, पाला कापायच्या वेळेला. आत्या तुतीतच होती. एक पोलीस, एक पोलीसबाई. दाढीवाला त्याच्या बांधावर, आणखी पंधरा-वीस माणसं रस्त्यावर. कुणी कडेवर लेकरू घेऊन, कुणी दात घासत.

"ताई, कोयता खाली ठेवा," पोलीसबाई लांबूनच म्हणाली.

"मग पाला काय दातांनी तोडू?"

रस्त्यावर हशा पिकला. पोलिसाने कागद उलगडला आणि शाळेत हजेरी घेतात तसा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. 'धारदार कोयता उगारून' इथे आल्यावर बायकांनी तोंडाला पदर लावले. आत्या थांबली. मानेची शीर टरारली होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, पण ती अख्खी थांबली.

"कोण धावलं?" तिने विचारलं.

मी शेडच्या खांबामागे होते. एवढी बोलकी मी, पण खांबामागे.

तिने कोयता जमिनीवर ठेवला. पोलीसबाईने दंड धरला. "चला ताई, दोन दिवसांत परत याल." हे खोटं तिने किती सहज सांगितलं! गाडीपाशी पोलिसाने आत्याचे चिखलाचे पाय बघितले आणि चढायच्या आधी सीटखाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं, गाडी मळू नये म्हणून. बकरी चढवताना अंथरतात तसं. आत्या मोठमोठ्याने सूचना देत होती, "पूर्वेच्या वाफ्याला पाणी सोडा, दादा! पूर्वेच्या!" गाडी वळेपर्यंत ऐकू येत होतं.

मग घर शांत झालं. असली शांतता मला मुळीच सोसत नाही. शेड धुवायची होती. बाबा आणि मी नाकाला फडकी बांधून रॅक घासत होतो, ब्लीचिंगच्या पाण्याने बोटांची सालं निघाली, डोळे चुरचुरले. मी घासायचे, उठायचे, बाहेर जायचे, परत यायचे. बाबा तर रॅक घासून झाला की परत तोच घासायला घ्यायचे. त्यांनाही झोप लागत नव्हती. पाठ टेकायचे आणि उठून बसायचे.

नळावर दाढीवाला बाबांना म्हणाला, "हुशार निघालास रे. वरून भोळा दिसतोस."

"कसला हुशार?"

"निम्मी जमीन मोकळी केलीस की. वेड्या माणसाची सही कुठे चालते?"

बाबांची बादली भरून वाहत होती. त्यांनी नळ बंद केला, बादली उचलली, चार पावलं गेले, आणि परत येऊन चालूच नसलेला नळ पुन्हा घट्ट पिळला.

सहाव्या दिवशी भेटायची परवानगी मिळाली. बाबा आत यायला धजले नाहीत, फाटकाशी थांबले. मी गेले. भेटायच्या खोलीत दोन बाकं, मध्ये टेबल, कोपऱ्यात खुर्चीवर सिस्टर. आत्या आली ती पाय ओढत. चेहरा सुजल्यासारखा, जीभ जड.

"झोपवतात गं मला," ती म्हणाली. "खूप झोपवतात. बरं वाटतं, पण तोंडात चुना भरल्यासारखं होतं."

मी डबा उघडला, आईचं हे, शाळेचं ते, भडाभडा सांगत सुटले. ती मध्येच म्हणाली, "बाकीच्या बाया दुपारी बागेत जातात. मला सोडत नाहीत."

"का?"

"हत्याराची केस ना. बंद वॉर्ड," सिस्टर खुर्चीतूनच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. भाव सांगावा तसं सांगितलं.

"खिडकीतून दिसते बाग," आत्या म्हणाली. "कोबी लावलाय. पाणी इतकं घालतात की सडणार. मी सांगितलं, पण बंद वॉर्डातल्याचं कोण ऐकतं?" मग ती टेबलावर पुढे झुकली. इतक्या दिवसांनी तिची नजर माझ्यापाशी येऊन थांबली. "भिंगरे, मला त्या दिवसांतलं सगळं आठवत नाही. तुकडे आठवतात. टोपली आठवते. वहिनी पडलेली आठवते. मी खरंच तिच्यावर कोयता उगारला होता?"

मी डब्याची कड पुसायला लागले.

"कागदात आहे म्हणजे उगारला असेन," तीच म्हणाली. "दादा खोटं कशाला लिहील? बघ ना, वहिनीने मला आठ वर्षं ताटावर बसवलं, आणि मी—" तिने आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. जणू तो कुणीतरी तिच्याकडे ठेवायला दिलाय.

घंटा झाली. सिस्टर उठली. मी डब्याचं झाकण लावलं आणि बाहेर आले. बाबांनी विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, "झोपते." बाबांना एवढं बरं वाटलं की ते रस्त्यातच खाली बसले.

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. वर्गात बाई फळ्यावर लिहायच्या आणि मी वहीत ते 'उगारून'चं वाक्य लिहून खोडायची. सांगावं तर कागदावर सही बाबांची. दाढीवाल्यासारखे लोक टपलेलेच होते. 'बघा, बहिणीवर खोटी केस केली' म्हणायला कितीसा वेळ? न सांगावं तर ती तिकडे आपल्याच हाताकडे बघत बसलेली. घरात सांगायला दोनदा तोंड उघडलं. एकदा आईने "भात वाढू का" विचारलं, एकदा बाबा आपणहून म्हणाले, "झालं ते तिच्या भल्यासाठीच झालं ना गं?" आणि माझ्याकडे असं बघितलं की मी "हो" म्हणून मोकळी झाले.

सुनावणी इस्पितळातल्याच एका खोलीत होती. लांब टेबल, कुरकुरणारा पंखा. मॅजिस्ट्रेट बाई होत्या, त्यांना सर्दी झालेली. दर दोन वाक्यांनी रुमाल. एक कारकून, ते डॉक्टर, आणि आत्याला फुकट मिळालेला वकील, इतका नवा की त्याच्या कोटाच्या बाहीवर दुकानाची चिठ्ठी तशीच होती. आत्या त्याच्या शेजारी. आम्ही तिघं समोरच्या बाकावर.

डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे, पण घटना गंभीर असल्याने सहा महिने बंद वॉर्डात ठेवावं.

"अर्जातला मजकूर मान्य आहे का?" बाईंनी आत्याला विचारलं.

वकिलाने तिच्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "असेल. कागदावर आहे."

"तुम्ही त्यांच्या वहिनी ना? ह्या कोयता घेऊन तुमच्यावर धावल्या?"

आई उभी राहिली. तिने बाबांकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. "धावल्या होत्या," ती म्हणाली. "कोयता होता हातात."

हे दोन्ही खरं होतं. कारकुनाने लिहायला पेन टेकवलं आणि मी उभी राहिले. ठरवून नाही, पायच उठले.

"उगारला नव्हता!"

"खाली बस," बाबा.

"उगारला नव्हता, मॅडम. ते मी घातलं. ते 'दैव बलवत्तर' पण मीच घातलं. ती आईकडे धावली नव्हती, टोपलीकडे धावली होती. तिला वाटलं अळ्या जिवंत आहेत. कोयता खाली होता, असा, मांडीला लावून. मी दहा पावलांवर होते. मी बघितलं आणि तरी लिहिलं."

भाषणाला मी कधी अडखळत नाही. इथे प्रत्येक वाक्याला दम लागत होता. पंख्याची कुरकुर तेवढी चालू.

बाईंनी रुमाल खाली ठेवला. "वहिनी, ही म्हणते ते बरोबर?"

आईचा चेहरा एकदम सुटला, ओझं उतरवल्यावर मान सुटते तसा. "बरोबर. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही हो. टोपलीपलीकडे कुणी दिसतच नव्हतं त्यांना."

"अर्जावर सही कुणाची?"

"माझी," बाबा उठले.

"मुलीने घातलं ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

एक पळवाट होती ती. सगळ्या खोलीला दिसली. मी मनातल्या मनात म्हणत होते, घ्या बाबा, म्हणा मला माहीत नव्हतं.

"वाचून केली सही," बाबा म्हणाले. "दोनदा वाचला कागद."

"शपथेवर खोटं लिहायला शिक्षा असते, ठाऊक आहे?"

"नाही. पण असेलच."

कारकून फिसकन हसला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, तो मिटला. "जमिनीत हिचा हिस्सा आहे ना?"

बाबांचे कान लालभडक झाले. "निम्मा. तिचा तो तिचाच. पाहिजे तर तेही लिहून घ्या, मॅडम. मला ती जिवंत पाहिजे होती, एवढंच. ती पळत होती आणि मला ती थांबवता येत नव्हती."

बाईंनी अर्जातल्या त्या ओळी काट मारून खोडल्या. बाबांना म्हणाल्या, "तुमचं वेगळं बघावं लागेल. पुढच्या तारखेला हजर राहा." मग डॉक्टरांकडे वळल्या. "आता?"

"आजार आहेच," डॉक्टर म्हणाले. "औषध सोडलं तर महिन्यात परत तिथेच. पण बंद वॉर्ड नको. आणि त्या स्वतःहून राहिल्या तर हुकुमाचीही गरज नाही. राहतो म्हणून लिहून द्यायचं, जायचं असेल तेव्हा जातो म्हणून लिहून द्यायचं."

सगळे आत्याकडे बघायला लागले. ती आईकडे बघत होती.

"वहिनी, नक्की? उगारला नव्हता?"

"नक्की, वन्सं. लेकीची शपथ."

आत्याने उजवा हात टेबलावर ठेवला, त्यावर डावा ठेवला, आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं रडेल. रडली नाही. "फॉर्म आणा," म्हणाली.

कारकुनाने कागद पुढे केला. तिच्या बोटांना औषधाने कंप होता, पेन घरंगळलं. मी पटकन उचललं. "दे, मी लिहिते आत्या, तू नुसतं सांग."

"तू नको," ती म्हणाली. आवाज चढवून नाही.

मी पेन तिच्यासमोर ठेवलं.

"आजारी आहे असं लिहावंच लागतं का?" तिने बाईंना विचारलं.

"कारण लिहावं लागतं."

"मग खरं आहे तेवढं लिहिते." एकेक अक्षर ती दगड रचावा तसं रचत गेली. पुढच्या केसची माणसं दारात येऊन थांबली, वकिलाने घड्याळ बघितलं, मॅजिस्ट्रेट बाईंनी दोनदा नाक पुसलं, पण घाई कर असं कुणी म्हणालं नाही. तिने लिहिलं, 'माझी झोप गेली होती. ती नीट येईपर्यंत मी इथे राहते.' खाली सही. सहीवर तिने परत एकदा पेन फिरवलं.

बाबांना कारकुनाने त्यांच्या तारखेच्या कागदासाठी थांबवलं, आईला साक्षीच्या अंगठ्यासाठी. आत्याला वॉर्डपर्यंत सोडायला सिस्टरबरोबर मी गेले. लांबलचक व्हरांडा. मी चार वेळा बोलायला सुरुवात केली. "आत्या, मी—" आणि "आत्या, ते—" एवढ्यावरच संपायचं.

दारापाशी ती थांबली. "पुढच्या रविवारी येऊ नकोस," म्हणाली.

"बरं."

"त्याच्या पुढच्या रविवारी ये."

आणि आत गेली. ह्या दाराला कडी होती, पण ती आतल्या बाजूला.

मी धावतच फाटकाशी आले. बाबा कागदाची घडी करून खिशात घालत होते. घडी बसत नव्हती, परत उघडून परत घालत होते. आई पाणी आणायला गेली होती.

"माझ्याबद्दल काही विचारलं तिने?" बाबा म्हणाले.

मला किती छान सांगता आलं असतं! दादाला सांग जेवत जा म्हणाली. दादावर माझा राग नाही म्हणाली. वाक्यं तर जिभेवर रांग लावून उभी होती.

"नाही," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. बस येईपर्यंत ते मान हलवतच होते.